हृदयाला उसंत देणारा शल्यविशारद

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १९६२ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हृदयाचे काम काही काळ एका यंत्राच्या हवाली केले. शरीरातून परत येणारे रक्त हृदयाकडे न जाता नळ्यांवाटे बाहेर आले, यंत्रात त्यात प्राणवायू मिसळला, आणि पंपाने ते पुन्हा शरीरात ढकलले. तेवढ्या वेळात रिकामे झालेले हृदय उघडून शल्यविशारदाला आतला दोष डोळ्यांनी पाहता आला, हातांनी दुरुस्त करता आला. त्याच वर्षी महापालिकेच्याच नायर रुग्णालयात डॉ. केरसी दस्तूर यांनीही असेच यंत्र वापरून हृदय उघडले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९६१ मध्ये हा टप्पा गाठला होता. म्हणजे मुंबईला देशातले पहिलेपण मिळाले नाही. पण एकाच शहरात, एकाच पालिकेच्या दोन रुग्णालयांत, दोन अगदी वेगळ्या वाटांनी हे यंत्र आले, आणि ती कथा पहिलेपणाहून अधिक रंजक आहे.

आज बायपास हा शब्द मराठी घरांत सर्रास वापरला जातो. अमक्याची बायपास झाली, असे म्हटले की हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीला पर्यायी वाट काढून दिली, एवढे सगळ्यांना कळते. मात्र त्याआधीची एक बायपास असते, जिच्याविषयी रुग्णाच्या नातेवाइकांनाही फारशी कल्पना नसते. ती असते सबंध हृदयाला आणि फुप्फुसांना वळसा घालणारी, यंत्राची बायपास. पायातील शीर काढून हृदयावर नाजूक टाके घालायचे, तर धडधडणाऱ्या अवयवाला थोडी उसंत द्यावी लागते. अलीकडे धडधडत्या हृदयावरही हे टाके घातले जातात. पण हृदयशस्त्रक्रियेचे शास्त्र उभे राहिले ते या उसंतीच्या आधारावर. मुंबईत ती उसंत मिळवून देणाऱ्यांत सेन अग्रभागी होते.

सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ रोजी कोलकात्यात झाला. घराणे बंगाली, पण वाढले ते नागपुरात. नागपूर त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते, तरी तेथे पदवी देणारे वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते १९४७ साली सुरू झाले. डॉक्टरीची पदवी हवी असलेल्या मुलाला बाहेर पडणे भागच होते. सेन मुंबईला आले आणि शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. ही संस्था व तिला जोडलेले केईएम रुग्णालय विसाच्या दशकात सुरू झाले, तेच एका विशेष अटीसह. देणगीदारांनी घातलेली अट अशी, की येथील अध्यापक भारतीयच असावेत. गोऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली दुय्यम जागा स्वीकारण्याच्या त्या काळात ही अट म्हणजे एक राजकीय विधानच होते. आपल्या माणसांना हे जमते, हे दाखवून देण्याची ईर्षा त्या इमारतीच्या पायातच होती. सेन यांच्या पुढच्या अनेक निर्णयांचा उगम शोधायचा तर तो येथेही सापडतो. विद्यार्थी म्हणून ज्या संस्थेत ते आले, तिथेच ते शल्यचिकित्सेचे प्राध्यापक आणि विभागाचे प्रमुख झाले.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. छातीच्या आणि हृदयाच्या शस्त्रक्रियांचा तो उषःकाल होता. त्याच शहरात, जेफर्सन मेडिकल कॉलेजमध्ये, जॉन गिबन नावाचे शल्यविशारद अनेक वर्षे एका यंत्रामागे लागले होते. काही काळ हृदय आणि फुप्फुसे या दोहोंचे काम करील असे ते यंत्र. संगणकयंत्रे बनवणाऱ्या आयबीएम कंपनीच्या अभियंत्यांची मदत त्यांना मिळाली होती. ६ मे १९५३ रोजी गिबन यांनी त्या यंत्राच्या साहाय्याने एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातले जन्मजात छिद्र बुजवले. २६ मिनिटे तिचे रक्ताभिसरण पूर्णपणे यंत्रावर चालले होते. ती मुलगी बरी होऊन घरी गेली. पण त्यानंतरचे रुग्ण दगावले, आणि खचलेल्या गिबन यांनी हे काम स्वतः पुढे नेले नाही. यंत्राच्या इतिहासातला हा विलक्षण विरोधाभास आहे. ज्याने दार उघडले, तो आत गेलाच नाही.

सेन परतले तेव्हा त्यांच्यापुढे जे रुग्ण होते, ते अमेरिकेतल्या रुग्णांहून वेगळे होते. तिकडे हृदयविकार म्हणजे मुख्यतः प्रौढ पुरुषांचा विकार. इकडे हृदयरोग्यांत मोठा भरणा होता तो कोवळ्या वयाच्या मुलामुलींचा. लहानपणी घशाला होणाऱ्या एका जंतुसंसर्गातून संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीवर येतो. सांधे दुखतात, सुजतात आणि काही दिवसांनी बरे होतात. पण हा ताप जाताना हृदयाच्या झडपांवर डाग ठेवून जातो. वर्षानुवर्षे त्या झडपा आखडत जातात. विशीतली बाई पाण्याची कळशी उचलताना धापा टाकू लागते, पहिल्या बाळंतपणात तिचा जीव धोक्यात येतो. दाटीवाटीने राहणाऱ्या, वेळेवर औषध न मिळणाऱ्या घरांचा हा आजार. गिरणगावातल्या चाळींत तो होता आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतही होता.

परभणी जिल्ह्यातल्या अशा एखाद्या रुग्णाची त्या काळातली वाट डोळ्यांपुढे आणून पाहण्यासारखी आहे. १९५६ पर्यंत परभणी हैदराबाद राज्यात होती. मोठ्या दवाखान्याचे नाव निघाले की डोळ्यांपुढे येई ते हैदराबादचे उस्मानिया. राज्यपुनर्रचनेनंतर परभणी मुंबई राज्यात आली, १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याच १९५६ साली औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण हृदय उघडण्याचा प्रश्न असेल तर परळ गाठण्यावाचून पर्याय नव्हता. परभणीहून मनमाडपर्यंत मीटरगेजची गाडी, मनमाडला सामानासुमानासह गाडी बदलायची, आणि मग मुंबई. एकूण अंतर पाचशे किलोमीटरहून जास्त. चार पावले चालल्यावर दम लागणाऱ्या माणसाने हा प्रवास करायचा. मार्ग रुंद झाला तो १९९० च्या दशकात. पालिकेचे रुग्णालय म्हणून केईएम मुंबईकरांचे खरे, परंतु त्याच्या खाटांवर मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राचाही मोठा वाटा असे.

पन्नासच्या दशकात सेन यांनी केईएममध्ये आखडलेल्या मायट्रल झडपेवरच्या बंद शस्त्रक्रिया सुरू केल्या. बंद अशासाठी, की हृदय उघडायचे नसे. धडधडणाऱ्या हृदयाच्या वरच्या कप्प्याला एक लहानसा छेद द्यायचा, त्यातून बोट आत सारायचे आणि चिकटलेली झडप चाचपून, अंदाजाने मोकळी करायची. डोळ्यांना काही दिसत नसे. सारा भरवसा बोटाच्या टोकावर. महारोहिणीच्या जन्मजात आकुंचनावरच्या शस्त्रक्रियाही या काळात होऊ लागल्या. या बंद पद्धतीने असंख्य तरुण जिवांना श्वास मिळाला आणि तिला यंत्र लागत नव्हते, हे गरीब देशाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. मात्र तिची मर्यादा स्पष्ट होती. हृदयाच्या पडद्यातले छिद्र बोटाने बुजत नाही. पार खराब झालेली झडप चाचपून सुधारत नाही. त्यासाठी हृदय रिकामे आणि उघडे हवे. आणि मेंदू रक्ताविना तीन-चार मिनिटांपलीकडे तग धरत नाही.

या अडचणीवर जगात नाना तऱ्हेचे उपाय चालले होते. कुणी रुग्णाचे शरीर थंड करून मेंदूची प्राणवायूची गरज कमी करत होते. त्यातून हाती येत ती जेमतेम सहा ते दहा मिनिटे. मिनियापोलिसच्या वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ मध्ये तर अचाटच मार्ग काढला. लहान मुलाची शस्त्रक्रिया चालू असताना त्याच्या आईचे किंवा वडिलांचे रक्ताभिसरण मुलाच्या रक्ताभिसरणाला जोडायचे. पालकाचे हृदय दोघांसाठी धडधडत राही. अशा ४५ शस्त्रक्रिया त्यांनी केल्या आणि २८ मुले घरी परतली. एकाच शस्त्रक्रियेत दोघांच्या मृत्यूची शक्यता असलेली अशी दुसरी शस्त्रक्रिया नसेल, अशी टीकाही त्यावर झाली. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, त्यांचे सहकारी रिचर्ड डीवॉल यांनी पालकाच्या जागी एक साधी प्लॅस्टिकची नळी आणली. रक्तात प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे, खाद्यपदार्थांच्या उद्योगात फेस मोडण्यासाठी वापरतात तसले सिलिकॉनयुक्त द्रव्य लावलेल्या भागातून ते रक्त न्यायचे आणि मग नागमोडी नळीतून सावकाश उतरू द्यायचे. उरलेले बुडबुडे वर राहतात, निर्मळ रक्त खाली येते. गिबन यांच्या अवाढव्य यंत्रापुढे हे खेळणेच वाटावे. पण ते स्वस्त होते आणि चालत होते. दोन वर्षांत अशी यंत्रे बाजारात विकतही मिळू लागली.

विकत मिळू लागली ती अमेरिकेत. भारतात १९५७-५८ चा काळ परकीय चलनाच्या भीषण टंचाईचा होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने पोलाद कारखान्यांसाठी डॉलर अन् पौंड ओढून घेतले होते. लहानशा आयातीसाठीही परवाना लागे. हार्ट-लंग मशीन मागवायचे तर ते एकदा आणून भागत नाही. नळ्या, सुटे भाग, औषधे यांचा पुरवठा सतत लागतो. मुंबईतल्या शल्यविशारदांनी नियतकालिकांतून सारे वाचलेले होते, परिषदांतून ऐकलेले होते. ज्ञान सीमाशुल्काशिवाय येत होते. यंत्र येत नव्हते.

येथे दोन वाटा फुटतात. दस्तूर यांनी आपल्या पारशी समाजातल्या ओळखींचा आधार घेतला आणि मुंबईतल्या कारखानदारीतले कौशल्य शस्त्रक्रियागृहाकडे वळवले. स्थानिक कारागिरांकडून यंत्र घडवून घेण्याची ही वाट. स्वदेशीच्या वातावरणात तिचे कौतुकही झाले. सेन यांनी दुसरी वाट धरली. रॉकफेलर फाउंडेशनशी असलेला संबंध त्यांनी जपला होता. त्यातून परदेशी प्रशिक्षण मिळाले, अमेरिकी उपकरण कंपन्यांपर्यंत पोचता आले. यांतली कोणती वाट खरी देशी, असा वाद घालणे सोपे आहे. पण दस्तूर यांच्या यंत्रामागची कल्पना मिनेसोटाचीच होती आणि सेन यांच्या यंत्राभोवती राबणारे हात परळचेच होते. या दोन माणसांतली चुरस मुंबईच्या वैद्यकविश्वात लपलेली नव्हती. ती फलदायी ठरली, एवढे म्हणणे पुरे.

यंत्र हाती आले म्हणजे शस्त्रक्रिया आली असे नाही, हे दोघांनाही लवकरच कळून चुकले. बाहेरून पाहता सारे सरळ वाटते. दोन महाशिरांत नळ्या घालायच्या, रक्त उताराने यंत्रात येऊ द्यायचे, प्राणवायू मिसळायचा, पंपाने महारोहिणीच्या मार्गे परत पाठवायचे. प्रौढ माणसासाठी हा प्रवाह मिनिटाला चार-पाच लिटर ठेवावा लागतो. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर घात आहे. नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावे लागते, आणि शस्त्रक्रिया संपताच प्रोटॅमिन देऊन त्याचा परिणाम पुसावा लागतो. मात्रा चुकली तर एकतर गुठळी किंवा न थांबणारा रक्तस्राव. पंपाचा दाब जास्त झाला तर रक्तपेशी चिरडतात. एखादा बुडबुडा निसटून मेंदूत गेला तर हृदय उत्तम दुरुस्त होते आणि रुग्ण डोळे उघडत नाही. सुरुवातीची यंत्रे नुसती भरून घ्यायलाच दात्यांचे बरेच रक्त लागे, आणि तेही ताजे. रक्तदानाविषयी समाजात भीती असलेल्या त्या दिवसांत रक्त जमवणे ही शस्त्रक्रियेइतकीच मोठी जबाबदारी होती. यातले पुष्कळसे ज्ञान पुस्तकात नसते. रक्ताचा रंग पाहून, नळीचा थरार हाताला जाणवून, भूलतज्ज्ञाच्या चेहऱ्यावरून ते कळत जाते. ते मिळवण्यासाठी केईएममध्ये आधी कुत्र्यांवर प्रयोगांमागून प्रयोग झाले, आणि मग माणसाच्या छातीला हात लागला. शिकण्याचा चढ मोठा होता आणि त्याची किंमत काही रुग्णांनी प्राणांनी मोजली. जगातल्या प्रत्येक केंद्रात ती अशीच मोजली गेली आहे.

सेन यांनी घडवलेला चमू हा त्यांच्या कर्तृत्वाचा, यंत्राहूनही टिकाऊ ठरलेला भाग. डॉ. गुरुकुमार परुळकर पुढे केईएमचे अधिष्ठाता झाले आणि १९९८ मध्ये पद्मभूषणाचे मानकरी ठरले. डॉ. शरद पांडे यांनी हृदयशस्त्रक्रियेत स्वतंत्र नाव मिळवले. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी नंतर वेगळीच दिशा घेतली आणि पोटाच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रिया भारतात रुजवल्या. शल्यविशारद, विकृतिशास्त्रज्ञ, भूलतज्ज्ञ, यंत्र सांभाळणारे तंत्रज्ञ यांना एकत्र बांधणारा हा विभाग संशोधनपत्रेही नेमाने लिहीत असे. तरुण रुग्णांत छातीच्या खालच्या आणि पोटातल्या भागात महारोहिणी आखडत जाण्याचा एक विकार आढळतो. त्याला मिडल अओर्टिक सिंड्रोम हे नाव देणारा, ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये १९६३ साली प्रसिद्ध झालेला निबंध सेन, परुळकर व त्यांच्या सहकाऱ्यांचा. ते नाव आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

सेन यांची कल्पकता सर्वांत विलक्षण रूपात दिसते ती सापाच्या हृदयावरून सुचलेल्या प्रयोगात. माणसाच्या हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते बाहेरून वेढणाऱ्या रक्तवाहिन्यांतून. त्या तुंबल्या की हृदयविकाराचा झटका येतो. सरपटणाऱ्या प्राण्यांत मात्र हृदयाच्या कप्प्यातले रक्तच बारीक पोकळ्यांमधून थेट स्नायूत झिरपते. मग माणसाच्या हृदयातही तशा वाटा पाडता येणार नाहीत का? हृदयाच्या स्नायूला सुईने अनेक ठिकाणी आरपार टोचून त्यांनी कुत्र्यांमध्ये हे करून पाहिले. १९६५ साली सेन, उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी हे काम अमेरिकेतल्या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केले. लक्षात घ्यावे, की अर्जेंटिनात जन्मलेल्या रेने फावालोरो यांनी क्लीव्हलँडमध्ये पायाची शीर वापरून बायपासची आजची पद्धत रुजवायला सुरुवात केली ती १९६७ मध्ये. म्हणजे तुंबलेल्या हृदयाला रक्त कसे पोचवावे, हा प्रश्न जगभर अनुत्तरित असताना परळमध्ये त्याला एक स्वतंत्र उत्तर शोधले जात होते. सुईने पाडलेल्या वाटा बुजतात, हा आक्षेप टिकला आणि फावालोरो यांची पद्धत सर्वमान्य झाली. पण ऐंशीच्या दशकात सुईच्या जागी लेझर घेऊन हीच कल्पना अमेरिकेत परतली, आणि १९९८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने लेझरच्या त्या पद्धतीला मान्यताही दिली. त्या विषयावरच्या निबंधांत सेन यांचा उल्लेख पूर्वसूरी म्हणून होऊ लागला. स्वतः सेन तोवर हयात नव्हते.

याच वर्षांत कुत्र्यांमधल्या हृदयप्रत्यारोपणाचे प्रयोगही चालू होते. शंभर प्रयोगांचा प्राथमिक अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये माणसात पहिले हृदय बसवले आणि रातोरात ते जगप्रसिद्ध झाले, तेव्हा परळचा चमू त्या बातमीने चकित होण्यापेक्षा अस्वस्थच झाला असणार. तीन दिवसांनी न्यूयॉर्कला एड्रियन कँट्रोविट्झ यांनी, जानेवारीत कॅलिफोर्नियात नॉर्मन शमवे यांनी प्रत्यारोपण केले. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी केईएममध्ये सेन यांनी जगातले सहावे प्रत्यारोपण केले. दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका यांच्यानंतर भारत हा तिसरा देश. आशियातला पहिला.

हृदय मिळाले ते रेल्वे अपघातात मेंदूला प्राणघातक इजा झालेल्या एका तरुणीचे. ज्याला ते बसवले तो हृदयस्नायूच्या असाध्य विकाराने खंगलेला तरुण शेतकरी होता. जुने हृदय काढले आणि नवे अजून बसायचे आहे, अशा वेळी छातीच्या पोकळीत काहीच नसते. त्या अवधीत माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये उभे असते ते केवळ यंत्र. १९६२ पासून केलेली सारी उमेदवारी त्या तासांसाठी होती असेही म्हणता येईल. नवे हृदय बसले, धडधडले. तीन तासांनी रुग्ण गेला. सप्टेंबर १९६८ मध्ये दुसरे प्रत्यारोपण झाले. तो रुग्ण १४ तास जगला.

या दोन शस्त्रक्रियांचा निवाडा कसा करावा, यावर तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. खाटांच्या मधल्या जागेत जमिनीवर रुग्ण झोपवावे लागतात अशा पालिकेच्या रुग्णालयाने असले खर्चिक साहस करावे का? क्षयाने, हगवणीने माणसे मरत असताना हृदयाची अदलाबदल हा चोचला नव्हे का? मेंदूमृत्यूची व्याख्या कायद्यात नव्हती. अमेरिकेत हार्वर्डच्या समितीने तिचे निकष मांडले तेच ऑगस्ट १९६८ मध्ये, आणि भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला १९९४ साली. त्याआधी सव्वीस वर्षे सेन यांनी हे पाऊल उचलले, त्यात धाडस होते तसा उतावीळपणाही होता. बर्नार्ड यांच्या पहिल्या रुग्णाचे आयुष्यही १८ दिवसांचेच ठरले होते. १९६८ या एका वर्षात जगभरात शंभरावर प्रत्यारोपणे झाली, बहुतेक रुग्ण लवकरच गेले, आणि पुढे दशकभर अनेक देशांनी हा उद्योगच बंद ठेवला. नव्या अवयवाला शरीर नाकारते, त्यावरचे परिणामकारक औषध ऐंशीच्या दशकात हाती आले. सेन यांना दोष द्यायचा तर तो साऱ्या जगासोबत द्यावा लागेल. टीकाकारांचा पालिकेच्या खाटांविषयीचा प्रश्न मात्र त्याने खोटा ठरत नाही. त्या प्रश्नाला एक उत्तर मात्र त्याच वॉर्डांत होते. प्रत्यारोपणासाठी तयार झालेला तोच चमू, तेच यंत्र, दुसऱ्या दिवशी झडप आखडलेल्या एखाद्या मुलीसाठी वापरले जात होते. १९६९ मध्ये भारत सरकारने सेन यांना पद्मभूषण दिले.

हृदयाला आधार देणाऱ्या यंत्रांची गोष्ट दरम्यान पुढे सरकली होती. कँट्रोविट्झ यांनीच १९६७ मध्ये न्यूयॉर्कला एक साधे साधन रुग्णांवर वापरले होते. मांडीच्या रोहिणीतून महारोहिणीत सरकवलेला लांबट फुगा. हृदय शिथिल झाले की हेलियम वायूने तो फुगतो आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांकडे रक्त ढकलतो. हृदय आकुंचन पावण्याच्या क्षणी तो झटकन मिटतो, त्यामुळे रक्त बाहेर टाकण्याचे हृदयाचे श्रम कमी होतात. हार्ट-लंग मशीन हृदयाचे काम पूर्णपणे हिरावून घेते, हा फुगा फक्त हात लावतो. बायपासनंतर यंत्र बंद करायची वेळ आली आणि हृदय भार पेलत नाही असे दिसले, तर हाच फुगा अनेक वर्षे शल्यविशारदाचा मोठा आधार राहिला. त्यापुढे हृदयाच्या कप्प्यालाच जोडायचे पंप आले, दिवसचे दिवस प्राणवायू पुरवणारी यंत्रे आली. सेन यांच्या पिढीकडे यातले फारसे काही नव्हते. यंत्र थांबवायचे आणि हृदय उभे राहते का, ते पाहायचे. शस्त्रक्रियागृहातली तीच सर्वांत लांब मिनिटे.

भारतात तुंबलेल्या रक्तवाहिन्यांवरची बायपास १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात केली. ऐंशीच्या दशकात ती मुंबई-पुण्यात स्थिरावली आणि नव्वदच्या दशकात मध्यमवर्गाच्या परिचयाची झाली. पन्नाशीतला तुंबलेला हृदयरोगी हा या कथेचा नायक झाला, आणि परळला धापा टाकत येणारी विशीतली बाई तिच्या समासात गेली. ऱ्हुमॅटिक विकार मात्र संपला नव्हता. सेन निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हाताखाली केईएममध्ये उघड्या हृदयाची शस्त्रक्रिया हे रोजचे काम झाले होते. २२ जुलै १९८२ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

डॉ. पी. वेणुगोपाल यांनी ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये भारतातले पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले, तेव्हा नवा कायदा संमत होऊन काही आठवडेच झाले होते. मुंबईत पुढे खासगी रुग्णालयांत अशी प्रत्यारोपणे होऊ लागली. केईएमच्या शस्त्रक्रियागृहात पुन्हा एकदा एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले गेले ते जुलै २०२४ मध्ये, सेन यांच्यानंतर ५६ वर्षांनी.